मॅडम, आधी तुम्ही ताल धरायला शिका

पत्र थोडक्यात असं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

चाळिशीच्या एक बाई, नाशकातच शाळेत बारा वर्षं इंग्रजी शिकवलं, आता घरी ट्यूशन घेतात. पंचवटीत एका गुरुजींकडे गाणं, तबला, पखवाज शिकणारी चौदा मुलंमुली आहेत, वय सोळा ते चोवीस, काही शहरातली, काही पेठ, सुरगाणा, निफाड, सिन्नरकडून येऊन खोली करून राहिलेली. गुरुजींच्या ओळखीतल्या एका काकांनी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन बाईंना सांगितलं, पोरांना स्पोकन इंग्लिश शिकवा, उद्या बाहेरचे प्रोग्राम मिळाले तर तोंड उघडता आलं पाहिजे. जूनपासून आठवड्यात तीन दिवस, संध्याकाळी सातला तास. सुरुवात टेन्सपासून. पहिल्या आठवड्यात चौदा पोरं होती, आता पाच येतात. तबल्याचा एक मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, ज्यांना वाजवता येत नाही त्यांनी बोलावं." गुरुजी म्हणतात, तोंडात इंग्रजी बसलं की गळ्यातलं मराठी जातं. पेठकडची एक मुलगी, जी म्हणे सगळ्यांत चांगलं गाते, तिला धडा वाचायला उभं केलं तर रडायला लागली आणि त्या दिवसापासून आलीच नाही. काका विचारतायत प्रोग्रेस काय. आणि बाईंना स्वतःला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. प्रश्न असा की दिवाळीत सोडून देऊ का? की स्टेजवर बोलायचे चार पॅरेग्राफ सगळ्यांकडून पाठ करून घेऊ आणि मोकळी होऊ?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या तबल्याच्या पोराच्या वाक्याला मला हसू आलं, सॉरी, पण आलं. उद्धट आहे, मान्य. पण जरा त्याच्या जागी बसून बघा. हा पोरगा पहाटे उठून दोन-दोन तास एकच कायदा (तबल्यातली रचना) घासतो, बैठकीत चार जाणती माणसं त्याला मान डोलावून दाद देतात, आणि संध्याकाळी सातला तुम्ही त्याला विचारता, "आय गो, यू गो, ही?" एका सेकंदात तो पाचवीच्या वर्गात, मागच्या बाकावर. मी असते तर मीही पळाले असते, आणि जाताना असंच काहीतरी बोलून गेले असते.

(आणि सातची वेळ! अहो, ती यमन-भूप या रागांची वेळ. त्यांच्या डोक्यात तेव्हा काय चाललेलं असतं आणि तुम्ही पास्ट परफेक्ट घेऊन बसताय.)

पत्रात तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय, "यांचं बेसिकच कच्चं आहे हो." आता एक गंमत सांगते. ही मुलं रोज जे ख्याल (रागदारीतला मुख्य गाण्याचा प्रकार) गातात त्यांचे शब्द बहुतेक ब्रजभाषेतले असतात. पेठमध्ये नाहीतर निफाडमध्ये कुणाच्या घरात ब्रज बोलतात? कुणी टप्पा नावाच्या गाण्याच्या प्रकारापर्यंत पोचलं असेल तर तो पंजाबी. तराण्यात फारसीचे तुकडे येतात ते वेगळेच. म्हणजे ज्या भाषा यांनी जन्मात कधी रस्त्यात ऐकल्या नाहीत त्या यांच्या तोंडात बसल्यात, आणि अशा बसल्यात की एखादा 'ऐ' जरा पसरट झाला तरी गुरुजी हात वर करून थांबवतात आणि दहा वेळा म्हणून घेतात. पुस्तक नाही, डिक्शनरी नाही, टेन्स नाही. ऐकायचं, म्हणायचं, चुकलं की परत. आपण दोघी शाळेत इंग्रजी शिकलो ती डोळ्यांनी शिकलो, म्हणून अजूनही आपल्याला स्पेलिंग येतं आणि समोरचा भराभर बोलायला लागला की घाम फुटतो. ही पोरं कानाने शिकणारी आहेत आणि तुम्ही त्यांना डोळ्याने शिकवताय, त्यात बेसिक कच्चं कुणाचं ते मला तरी कळेना.

आणि गुरुजींच्या त्या वाक्याचं उत्तरही यातच आहे की गळ्यात इतकी वर्षं ब्रज बसलीय, मराठी गेली का कुठे. पण हे त्यांच्या तोंडावर म्हणायचं नाही हं, भांडणं जिंकून तास चालत नसतो.

गुरुजींबद्दल मला जरा वेगळं वाटतंय. तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीय की मागे कोणी परदेशी पाहुणे आले होते तेव्हा गुरुजी "देवाचं बघून येतो" म्हणून आत गेले आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेरच आले नाहीत. तुम्ही ते तऱ्हेवाईकपणा म्हणून लिहिलंय. मला ती ओळ वाचून वाईट वाटलं. ज्या माणसाने चाळीस वर्षं विद्या केली त्याला स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच तानपुऱ्यासमोर दोन वाक्यं बोलता येणार नाहीत म्हणून देवघरात जाऊन बसावं लागलं. असा माणूस इंग्रजीबद्दल गोड बोलेल अशी अपेक्षाच का करायची? शिवाय त्यांची दुसरीही भीती असणार, ती खोटीही नाही, की पोराला इंग्रजी आलं की ते अंबडला नाहीतर पुण्याला कुठल्या ऑफिसात चिकटेल आणि रियाज संपला. तर गुरुजी विरोधात आहेत हे तुम्ही धरून चाललाय, पण त्यांना कधी नीट विचारलंयत का, की गुरुजी, पाहुणे आले तेव्हा तुम्हाला त्यांना काय सांगायचं होतं? एवढा एकच प्रश्न, चहा घेताना, पोरं नसताना.

तसं बघितलं तर गुरुजी ज्या परंपरेत उभे आहेत तीही कुणीतरी हट्टाने बदललेली आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा वर्ग, अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, स्वरलिपी हे सगळं गाण्यात बहुतेकांना नवीनच होतं, तोवर विद्या म्हणजे बहुधा गुरूच्या घरी राहून, पाणी भरून मिळवायची गोष्ट. हेच पलुस्करबुवा पुढे आपल्या नाशकात येऊन राहिले, इथे त्यांचा रामनाम आधार आश्रम होता, म्हणजे गुरुजींना ते घरचेच. आज गुरुजींची मुलं प्रवेशिका, मध्यमा, विशारद या संगीताच्या परीक्षांचे फॉर्म भरतात ती त्याच माणसाची पुण्याई. दुसरीकडे संगीतशास्त्राचे अभ्यासक भातखंडे, पेशाने वकील, इंग्रजी उत्तम. पण त्यांनी संगीतपद्धतीचे मोठे ग्रंथ लिहिले ते मराठीत, आणि तेही गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. आणि १९१६ ला बडोद्याला देशभरातली मंडळी परिषदेला जमली तेव्हा संगीताचा इतिहास मांडला तो इंग्रजीत. घरच्यांशी मराठीत, चार गावच्या लोकांशी इंग्रजीत, त्यांना त्यात काही अडचण वाटलेली दिसत नाही. हे तुम्ही गुरुजींना पटवायला वापरू नका, पण तुमच्या स्वतःच्या मनात असू द्या, कारण तुम्हालाही कुठेतरी वाटतंय की आपण पवित्र जागेत चप्पल घालून शिरलोय.

आता तुमची खरी दुखरी नस. "मला संगीतातलं काहीच कळत नाही, मी काय तोंडाने शिकवू." ताई, माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तुमच्या हातात असलेली सगळ्यांत कामाची गोष्ट हीच आहे. इंग्रजीच्या वर्गात नेहमी नाटक चालतं. बाई विचारतात "व्हॉट इज धिस?" पेन वर धरून, आणि बाईंनाही माहीत असतं ते पेन आहे. असल्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणाच्या जिवावर येणार नाही? पण तुम्ही जर त्या तबल्याच्या पोराला विचारलंत की अरे, हा तीनताल म्हणजे नक्की काय, मला टाळी कुठे द्यायची तेच कळत नाही, तर हा प्रश्न खरा आहे. तुम्हाला खरंच माहीत नाही. आणि त्याला खरंच माहीत आहे. आता अट एकच, त्याने ते इंग्रजीत सांगायचं, अडला तर तुम्ही शब्द पुरवायचा.

बघा काय होतं ते. तीनतालाच्या सोळा मात्रा, म्हणजे सोळा ठोके, चार-चारचे चार विभाग, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नवव्यावर 'खाली', म्हणजे टाळी न देता नुसता हात हलवायचा. हे सांगायला त्याला लागणार फर्स्ट, फिफ्थ, नाइन्थ, थर्टीन्थ, म्हणजे जे तुम्ही फळ्यावर दोन तास खर्चून शिकवलं असतंत आणि त्यांनी दोन दिवसांत विसरलं असतं. "वी क्लॅप ऑन द फर्स्ट बीट. ऑन द नाइन्थ बीट वी डोन्ट क्लॅप, वी वेव्ह." ऑन आलं, डोन्ट आलं, सिंपल प्रेझेंट आलं. मग तुम्ही भोळेपणाने विचारायचं, म्हणजे पहिल्या मात्रेवर नेहमी टाळीच असते का? तिथे तो पोरगा खुलणार बघा, कारण रूपक नावाचा ताल. सात मात्रा, तीन-दोन-दोन, आणि समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, खाली. आता त्याला "बट" लागणार, "एक्सेप्ट" लागणार, "युज्वली" लागणार, आणि ते तो तुमच्याकडून ओढून घेणार, तुम्हाला कोंबावं लागणार नाही. आणि तुम्ही टाळी चुकणार, सगळे हसणार, हसू द्या. वर्गात चुकणारं पहिलं माणूस बाई असली की पुढे बाकीच्यांचं चुकणं स्वस्त होतं.

गाणाऱ्या मुलांसाठी असंच. भूप आणि देशकार हे दोन राग, दोन्हीत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. मग दोन राग वेगळे कसे? तुम्हाला माहीत नाही ना, मलाही कितीतरी वर्षं माहीत नव्हतं (माझी प्रवेशिका पहिल्याच झटक्यात गेली, त्याबद्दल नंतर कधीतरी). त्यांना विचारा. भूपाचा जीव गंधारावर (ग), देशकाराचा धैवतावर (ध), एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, एक सकाळचा, एकाचा ओढा खालच्या अंगाकडे, एकाचा वरच्या. "भूप रेस्ट्स ऑन गा, बट देशकार रेस्ट्स ऑन धा." "वी सिंग भूप इन द इव्हनिंग अँड देशकार इन द मॉर्निंग." ही दोन वाक्यं ज्याला मनापासून म्हणता येतात त्याला दोन मोबाईलची, दोन नोकऱ्यांची, दोन बँकांच्या स्कीमची तुलनाही करता येईल, वाक्याची चाल तीच.

शिवाय इथेच तुमचा एक मोठा गैरसमज निघून जाईल. तुम्ही म्हणताय की संगीताच्या शब्दांची इंग्रजी यादी करून पाठ करून घ्यावी म्हणते, राग म्हणजे स्केल, कोमल म्हणजे फ्लॅट वगैरे. नका करू. राग म्हणजे स्केल असता तर भूप आणि देशकार एकच झाले असते. आणि फ्लॅटची एक गंमत ऐका. माझ्या ओळखीतली एक मुलगी ऑनलाइन शिकवते, तिकडे न्यू जर्सीत बारा वर्षांची एक शिष्या, बागेश्री राग चाललेला. बागेश्रीत गंधार कोमल, पोरगी लावत होती शुद्ध. आमच्या हिने यादीत पाठ केलेलं, कोमल म्हणजे फ्लॅट, तर ही सारखी म्हणतेय, "सिंग फ्लॅट, प्लीज सिंग फ्लॅट." मागे सोफ्यावर पोरीची आई. इंग्रजीत फ्लॅट गाणं म्हणजे सुराच्या खाली राहणं, सरळ बेसूर. आईला वाटलं ही बाई पैसे घेऊन माझ्या पोरीला बेसूर गायला का सांगतेय! पुढे उलगडा झाला, हसले सगळे, पण पहिली पाच मिनिटं घाम फुटला होता म्हणे. तेव्हापासून ती "कोमल गा" म्हणते, आणि पहिल्या दिवशी एकदाच सांगते, "कोमल मीन्स लोअर दॅन द नॅचरल नोट." राग, सम, मींड, ठेका, खाली हे शब्द तसेच राहू द्या. त्याला भाषांतर नको, त्याला एक सोपं वाक्य हवं. सम काय तर "द फर्स्ट बीट, व्हेअर वी ऑल मीट." असं वाक्य प्रत्येकाने स्वतःचं बनवायचं, चौदा जणांची चौदा झाली तरी चालतील.

पट्टीचं, म्हणजे आपला सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा त्याचं, मात्र इंग्रजी नाव माहीत पाहिजे, तिथे हौस नाही, गरज आहे. आपल्याकडे "काळी चार" (पेटीवरची चौथी काळी पट्टी) म्हटलं की पेटीवाला समजतो. बाहेर कुणी समजणार नाही. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी चार जी शार्प, पांढरी पाच म्हणजे जी. तबल्याच्या मुलाला आयोजकांना कळवायचं असेल की मला सी शार्पचा तबला लागेल, तर हे एक वाक्य चुकलं तर सगळी मैफल बसली. हे अर्ध्या तासाचं काम आहे, पेटी समोर ठेवून करा, फळ्यावर नको.

उच्चारांसाठी तर तुमच्यासारखी नशीबवान बाई नाही. आपण मराठी माणसं इंग्रजी बोलताना प्रत्येक अक्षराला सारखा भाव देतो, रांगेतल्या प्रसादासारखा. इंग्रजीत तसं नसतं, तिथे मोठ्या शब्दात एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची अक्षरं अर्धीमुर्धी गिळली जातात. नेहमीच्या विद्यार्थ्याला हे समजावताना मास्तरांचा जीव जातो. तुम्ही यांना फक्त म्हणा की प्रत्येक शब्दाला एक सम असते, ती शोधा. म्युझिकमध्ये सम "म्यू"वर. म्युझिशियनमध्ये सरकून "झि"वर. फोटोग्राफची पहिल्या अक्षरावर, फोटोग्राफरची दुसऱ्यावर, फोटोग्राफिकची तिसऱ्यावर. हार्मोनियमची "मो"वर. आणि "रेकॉर्ड" तर मजेशीर, वस्तू असेल तर सम "रे"वर, रेकॉर्ड करणं असेल तर "कॉर्ड"वर. तबल्याची मुलं बोलांची पढंत करतात, म्हणजे बोल तोंडाने म्हणतात, तशी या शब्दांची पढंत करून घ्या, टाळी समेवरच. मी पैजेवर सांगते की तो उद्धट पोरगा यात तुमच्यापेक्षा बरोबर निघेल, आणि निघाला की त्यालाच पुढे बसवा.

वाक्याच्या चढउतारासाठी त्यांच्याकडे चिन्हंही तयार आहेत. भातखंडे लिपीत स्वराच्या वर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं). "आर यू रेडी?" शेवट वर जातो, वर टिंब. "व्हेअर आर यू?" शेवट बहुतेक वेळा खाली येतो, खाली टिंब. ती वहीत देवनागरीत इंग्रजी लिहितात म्हणून तुम्ही रागावलात असं लिहिलंय. लिहू द्या हो. बंदिशही तशीच उतरवून घेतात, आधी कानावर, मग वहीत. फक्त एक लक्ष ठेवा, देवनागरीत व्ही आणि डब्ल्यू यांची "व" आणि "व्ह"मध्ये सरमिसळ होते. व्हॉइसला वरचे दात खालच्या ओठाला, वॉटरला ओठांचा चंबू. गाणाऱ्यांना तोंडाच्या आत काय कुठे लागतं हे सांगितलेलं लगेच कळतं, त्यांचा धंदाच तो आहे.

आता पाठ करून घेण्याचं. तुम्ही ते "मोकळं व्हायचा" मार्ग म्हणून लिहिलंय म्हणून तुम्हालाच अपराधी वाटतंय, पण पाठांतर वाईट असं मी म्हणणार नाही, पाठांतरावर तर यांचं सगळं घर उभं आहे. फक्त बंदिश पाठ झाली की गाणं संपत नाही, तिथे सुरू होतं. चार पॅरेग्राफ नको, चार ओळी द्या. नाव, गुरू कोण, आज काय गाणार, किती वेळ. त्या पक्क्या झाल्या की रोज एक ओळ बदलायची, राग बदलला, साथीदार बदलला, माइक बंद पडला, उशीर झाला, तर काय म्हणशील? बढत म्हणा हवं तर, राग हळूहळू फुलवत नेतात तशी. नाहीतर काय होईल, पोपटासारखं घडाघडा बोलेल आणि समोरून कुणी साधं "हाऊ लाँग हॅव यू बीन लर्निंग?" विचारलं की परत देवघर.

वर्गात एक किस्सा सांगाच. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी मोठा कार्यक्रम झाला, सतार रविशंकर, सरोद अली अकबर खाँ, तबला अल्लारखाँ. वाद्यं लावून झाली तर हॉल टाळ्यांनी दणाणला, लोकांना वाटलं हेच वादन! रविशंकर शांतपणे म्हणाले, तुम्हाला ट्यूनिंग इतकं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. एक वाक्य. त्यात "इफ" आहे, "विल" आहे, "मोर" आहे, पूर्ण व्याकरणाचा धडा आहे, आणि कुणाचा अपमानही नाही. असलं एक वाक्य वेळेवर सुचायला किती इंग्रजी लागतं यावर पोरांना बोलू द्या, मराठीत बोलली तरी चालेल.

स्टेजवरच्या भाषणापेक्षा मला विचाराल तर स्टेजच्या आधीचं इंग्रजी जास्त लागतं. साउंड चेक. "मोर तानपुरा इन माय मॉनिटर, प्लीज." "नो रिव्हर्ब ऑन द तबला." "कॅन यू लोअर द माइक अ लिटल?" कालिदास कलामंदिरात बसलोय असं समजा, एक जण साउंडवाला, एक जण कलाकार, साउंडवाल्याने मुद्दाम उलटं करायचं. आणि दुसरं, पैशाचं. फी किती, प्रवास कोण देणार, राहायचं कुठे, रेकॉर्डिंग केलं तर ते कुणाचं आणि नेटवर टाकणार का. हे विचारायला पोरं लाजतात ते इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे, मराठीतही कुठे विचारतात, "मानधनाचं काय ते तुम्ही बघा" म्हणतात आणि नारळ-शाल घेऊन घरी येतात. म्हणून हा तास आधी मराठीत घ्या, मग इंग्रजीत ईमेल लिहायला लावा, पाच ओळींचा, त्यात आकडा लिहिलाच पाहिजे. आकडा न लिहिलेला ईमेल परत करायचा.

एक कडू गोष्टही लिहिते. चौदातले चौदा काही मैफलीचे कलाकार होणार नाहीत, हे गुरुजींनाही माहीत आहे आणि पोरांनाही आतून माहीत असतं. कुणी शाळेत संगीतशिक्षक होईल, कुणी ऑनलाइन क्लास घेईल, कुणी दुकान सांभाळून शनिवारी भजनाला पखवाज धरेल. तेव्हा नुसतं रागांचंच इंग्रजी शिकवत बसलात तर तोही अन्याय. ज्यांची बारावी आहे त्यांना वेगळा एक दिवस द्या, तिथे बिनधास्त टेन्स घ्या, प्रश्नपत्रिका सोडवा, कारण तिथे टेन्सला मार्क आहेत. पण हे दोन वेगळे तास एकत्र कालवू नका. आत्ता तुम्ही सगळ्यांना बारावीचं औषध पाजताय.

काकांना प्रोग्रेस हवाय ना, त्यांना टेस्टचे मार्क देऊ नका. दोन महिन्यांनी बोलवा, खाली सतरंजीवर बसवा आणि एका पोराला सांगा की काकांना झपताल इंग्रजीत शिकव. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन. काकांना टाळी जमली तर पोराला इंग्रजी आलं. काका रागावले तर पुढच्या महिन्याचे पैसे गेले, तेवढी जोखीम आहे, पण माझा अंदाज काका खूश होतील, पैसे देणाऱ्यांना सहसा कुणी काही शिकवत नाही.

राहिली ती पेठची मुलगी, जिच्यासाठी खरं तर मी एवढं लांबलचक लिहिलं. तिला तुम्ही एकटीला उभं करून छापील धडा वाचायला सांगितलंत. ताई, तिच्या गुरूने तिला पहिल्या दिवशी एकटीला गायला लावलं असेल का? आधी सगळ्यांबरोबर, मग गुरूच्या आवाजाच्या मागे आपला आवाज लपवून, मग कधीतरी गुरू मध्येच थांबतो आणि आपलाच आवाज एकटा चाललाय हे गाणाऱ्याच्या नंतर लक्षात येतं. तसं करा. सगळ्यांनी मिळून म्हणायचं, मग तुम्ही आणि ती, मग तुम्ही हळूच गप्प. वाचायला तर इतक्यात देऊच नका, वाचणं हे वेगळंच काम आहे आणि तिला नक्की कशाची लाज वाटली, इंग्रजीची की अडखळत वाचण्याची की पेठची म्हणून कुणी हसलं त्याची, हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. तिला परत बोलावताना "तास बुडवू नकोस" म्हणून निरोप पाठवू नका. सांगा की मॅडमना भूप आणि देशकारातला फरक कळत नाहीये, तू जरा येऊन गाऊन दाखवशील का. पहिल्या दिवशी तिने नुसतं गावं, एक शब्द इंग्रजी नको. दुसऱ्या दिवशी "धिस इज भूप" एवढंच.

दिवाळीत सोडायचं का, तर सोडू नका असं मी ठामपणे सांगणार नाही, आठवड्यातून तीनदा रिकाम्या सतरंजीसमोर बसणं काय असतं ते मला माहीत आहे, एका क्लासात मीही ते केलंय. पण दिवाळीपर्यंत अजून वेळ आहे. पुढच्या आठवड्यात काही शिकवू नका. गुरुजींची परवानगी घेऊन सकाळच्या तालमीला मागे जाऊन बसा, तीन-चार दिवस. ते कसे थांबवतात, किती वेळा म्हणून घेतात, कधी रागावतात, कधी मुद्दाम दुर्लक्ष करतात ते बघा. बीएडला तुम्हाला कुणी हे शिकवलं नसेल. मग तास सातऐवजी तालीम संपल्या संपल्या घ्या, पंचवीस मिनिटं, गळा आणि कान दोन्ही तापलेले असताना, आणि रोज.

चपला बाहेर काढा, वाद्याला पाय लागू देऊ नका, लागला तर नमस्कार करा. आणि वही-पेन घेऊन जा, मोबाईलवर टिपणं काढू नका, गुरुजींना वाटेल तुम्ही व्हॉट्सअॅप बघताय.